सरावातील गुणांक आणि परीक्षेचा निकाल : एका तफावतीची मीमांसा

परदेशी व्यवस्थापन-विद्यालयांत प्रवेश मिळावा म्हणून जीमॅट देणारा उमेदवार अखेरच्या प्रश्नाचे उत्तर नोंदवून पडद्यावर उमटलेल्या गुणांकाकडे पाहतो, आणि मागील काही आठवड्यांत घरी दिलेल्या सराव-परीक्षांनी ज्या आकड्याची जणू हमी दिली होती, त्याहून हा आकडा ३०, ५०, प्रसंगी ७० गुणांनी खाली आहे असे आढळताच ज्या संभ्रमात पडतो, तो संभ्रम या परीक्षेशी संबंध आलेल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. ‘मॉकला ६८५ येत होते, प्रत्यक्षात ६२५ आले’ ही तक्रार पुण्या-मुंबईच्या शिकवणी-वर्गांतही ऐकू येते आणि नोकरीनिमित्त परदेशी स्थायिक झालेल्या मराठी तरुणांच्या घरांतही. तिच्यामागे नुसता मानभंग नसतो. परीक्षेचे शुल्क पुन्हा भरावे लागते, प्रवेश-अर्जांची मुदत उलटून जाते, आणि ज्या विद्यालयांत अर्ज करण्याइतकी आपली योग्यता खरोखरच होती त्यांचा विचारही कित्येक जण खचलेल्या मनाने सोडून देतात.

या तफावतीची कैफियत विचारली असता उमेदवार बहुधा एकच कारण पुढे करतो : त्या दिवशी मन थाऱ्यावर नव्हते. हे कारण खोटे नाही. परंतु त्याच्या पदरी जेवढा भार टाकला जातो तेवढा त्याने एकट्याने वाहावा असे त्याचे सामर्थ्य नाही. माझे मत असे आहे की या तफावतीचा मोठा हिस्सा परीक्षेच्या दिवशी उत्पन्नच होत नाही. सरावाचा आकडा कोणत्या साधनाने मिळवला, किती आकड्यांतून निवडला आणि कशाशी ताडून पाहिला, या व्यवहारात तो आधीपासूनच दडलेला असतो.

प्रथम परीक्षेचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. १९५३ साली अमेरिकेतील नऊ व्यवस्थापन-विद्यालयांनी प्रिन्स्टन येथील एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेच्या साहाय्याने एका सामाईक प्रवेश-परीक्षेची तजवीज केली आणि पुढील वर्षी ती प्रत्यक्षात आली. १९७६ साली तिला जीमॅट हे नाव मिळाले, आणि १९९७ साली कागद-पेन्सिल जाऊन तिने संगणकीय अनुकूली परीक्षेचे रूप धारण केले. अनुकूली याचा अर्थ असा की उमेदवाराच्या प्रत्येक उत्तरागणिक यंत्र त्याच्या कुवतीचा नवा अंदाज बांधते आणि त्या अंदाजाला साजेशा काठिण्याचा पुढचा प्रश्न त्याच्यापुढे ठेवते. त्यामुळे किती उत्तरे बरोबर आली याच्या नुसत्या बेरजेवर गुणांक ठरत नाही, तर कोणत्या काठिण्याचे प्रश्न बरोबर आले आणि कोणत्या काठिण्याचे चुकले यावर तो ठरतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये या परीक्षेची आटोपशीर नवी आवृत्ती सुरू झाली. तीत गणित, भाषा आणि माहिती-विश्लेषण असे तीन विभाग, प्रत्येकास ४५ मिनिटे आणि अनुक्रमे २१, २३ आणि २० प्रश्न. वाक्य-शुद्धीचे प्रश्न आणि भूमिती रजा घेऊन गेली, आणि एकूण गुणांकाची जुनी २०० ते ८०० ही पट्टी बदलून २०५ ते ८०५ अशी झाली.

या शेवटच्या फेरफाराने एक तफावत अशी निर्माण केली की तिला तफावत म्हणणेही चुकीचे ठरावे. दोन्ही पट्ट्या वरवर पाहता सारख्याच दिसतात, पण परीक्षा-संस्थेच्याच तौलनिक कोष्टकाप्रमाणे जुन्या पट्टीवरील ७०० ची बरोबरी नव्या पट्टीवर ६४५ शी होते. मेट्रिक मापे येण्यापूर्वी एका तालुक्याची पायली दुसऱ्या तालुक्याच्या पायलीशी जुळत नसे, आणि तरीही दोन्हीकडचे धान्य ‘पायली’ या एकाच नावाने मोजले जाई; तसाच हा प्रकार आहे. थोरल्या भावाची जुनी पुस्तके, जुन्या धाटणीच्या सराव-परीक्षा आणि ‘सातशे म्हणजे उत्तम’ हा वारसाहक्काने आलेला समज यांच्या आधारे तयारी केलेल्या उमेदवाराला ६४५ मिळाले, तर तो ५५ गुण गमावल्याचा शोक करील. वस्तुतः त्याने काहीच गमावलेले नसते. म्हणून कोणत्याही तक्रारीचा विचार करताना दोन्ही आकडे एकाच पट्टीवरील आहेत ना, ही पृच्छा सर्वांत आधी केली पाहिजे.

पट्टी एकच आहे असे धरून आता मूळ प्रश्नाकडे वळू. कोणतीही परीक्षा कुवतीचा ठाव नेमका घेऊ शकत नाही, फक्त अंदाज देते, आणि त्या अंदाजातील चुकीला मापनाची प्रमाण-त्रुटी म्हणतात. जीमॅटच्या एकूण गुणांकाच्या बाबतीत ही त्रुटी साधारण ३० ते ४० गुणांची असल्याचे परीक्षा-संस्था स्वतःच सांगते. हिशेबाच्या सोयीसाठी आपण ३० हा आकडा घेऊ. ज्याची खरी कुवत ६१५ आहे अशा उमेदवाराने, कुवतीत तिळमात्र फरक न पडता, अनेक वेळा परीक्षा दिली तर सुमारे दोन-तृतीयांश वेळा त्याचा गुणांक ५८५ ते ६४५ यांच्या दरम्यान पडेल आणि उरलेल्या एक-तृतीयांश वेळा त्याच्याही बाहेर. शिवाय सरावाचा गुणांक आणि परीक्षेचा गुणांक या दोन्हींत ही त्रुटी स्वतंत्रपणे वावरत असल्यामुळे त्या दोहोंच्या वजाबाकीतील अनिश्चितता ३० वर न थांबता ४२ च्या घरात जाते. म्हणजे काहीही बिघडलेले नसता, मन शांत असता, तयारी पूर्ण असता, दर सहा उमेदवारांत साधारण एकाला सरावापेक्षा ४० हून अधिक गुण कमी पडावेत, हा निव्वळ योगायोगाचा धर्म आहे. आणखी एकाला तितकेच अधिक मिळतील. मात्र तो तक्रार घेऊन कोणाकडे जात नाही. आपण ज्या कहाण्या ऐकतो त्या बहुतांशी पहिल्याच्या असतात, आणि त्यामुळे ही तफावत नेहमी एकाच दिशेची असते असा ग्रह दृढ होतो.

पण दिशेचा प्रश्न एवढ्याने सुटत नाही, कारण सरावाचा जो आकडा उमेदवार मनाशी धरून बसतो तो सरासरी आकडा क्वचितच असतो. पाच सराव-परीक्षांपैकी सर्वांत उंच गेलेला आकडा त्याच्या स्मरणात राहतो, तोच तो मित्रांना सांगतो, आणि तोच आपल्या खऱ्या पात्रतेचा दाखला मानतो. खाली गेलेल्या आकड्यांना ‘त्या दिवशी झोप नव्हती’, ‘मध्येच कोणी आले’ असे खुलासे जोडून दप्तराबाहेर टाकतो. संभाव्यतेच्या शास्त्राला हा व्यवहार चांगला ठाऊक आहे. वरील ६१५ च्या उमेदवाराने परस्परांशी असंबद्ध अशा पाच परीक्षा दिल्या, तर त्यांतील सर्वोच्च गुणांक सरासरीने खऱ्या कुवतीच्या सुमारे ३५ गुण वर असेल. तीनच दिल्या तर सुमारे २५ गुण वर. आणि त्रुटी ३० ऐवजी ४० धरली तर पाचांतील सर्वोच्चाची ही चढ ४६ च्या आसपास जाईल. या उमेदवाराची अपेक्षा आता ६५० ची झाली आहे, आणि प्रत्यक्ष परीक्षेने सरासरीने त्याला द्यायचे आहेत ६१५. या ३५ गुणांचा जबाब परीक्षेच्या दिवसाकडे मागणे हे अन्यायाचे आहे.

याहून सूक्ष्म अशी एक गोष्ट आहे, आणि चांगले शहाणे उमेदवारही तिच्यात सापडतात. पुष्कळ जण परीक्षेची तारीख अशी ठरवतात की एकदा का सरावात इच्छित आकडा आला की लगेच नोंदणी करायची, आणि तोवर तारीख पुढे ढकलत राहायचे. वरकरणी ही सावधगिरी वाटते. परंतु ज्या क्षणी थांबायचे तो क्षण आकड्याच्या उंचीवरूनच निवडला गेला असल्यामुळे, त्या क्षणीचा आकडा हा कुवत आणि अनुकूल योगायोग यांचे मिश्रण असण्याचा संभव फार मोठा असतो. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ साली आईबाप आणि मुले यांच्या उंचीचा अभ्यास करताना असे दाखवले की अतिशय उंच आईबापांची मुले सरासरीने उंच असली तरी आईबापांइतकी उंच नसतात. टोकाच्या मापनानंतरचे मापन मध्याकडे झुकते, आणि त्यासाठी मुलांमध्ये काही वैगुण्य असावे लागत नाही. सरावातील सर्वोत्तम दिवसानंतर येणारी परीक्षा ही याच नियमाच्या अंमलाखाली असते. ज्याने आकडा पाहण्यापूर्वीच तारीख निश्चित केली, त्याच्या वाट्याला ही निराशा तुलनेने कमी येते.

आता सरावाच्या साधनांकडे येऊ. माझ्या मते या विषयातील सर्वांत दुर्लक्षित बाब इथेच आहे. परीक्षा-संस्थेच्या अधिकृत सराव-परीक्षा सहा आहेत, पहिल्या दोन विनामूल्य आणि पुढच्या चार शुल्क भरून मिळणाऱ्या. त्यांचे गुणांकन प्रत्यक्ष परीक्षेच्या पद्धतीनेच होत असल्यामुळे त्यांचा आकडा विश्वसनीय मानण्याची शिफारस सर्वत्र केली जाते, आणि ती योग्यच आहे. परंतु ती पहिल्या खेपेपुरती. तीच परीक्षा दुसऱ्यांदा दिली की काही प्रश्न ओळखीचे निघतात. याहून अवघड गोष्ट अशी की अधिकृत प्रश्न शिकवणी-वर्गांच्या टिपणांत, चर्चांत, मित्रांनी दिलेल्या वह्यांत सर्वत्र विखुरलेले असतात, आणि उमेदवाराने दोन महिन्यांपूर्वी ‘एक चांगला प्रश्न’ म्हणून सोडवलेले उदाहरण पुढे सराव-परीक्षेत समोर येते तेव्हा, आपण ते पूर्वी पाहिले आहे याची त्याला स्पष्ट आठवणही नसते. हात मात्र वाट ओळखतो.

अनुकूली परीक्षेत अशा परिचित प्रश्नाचा परिणाम साध्या परीक्षेपेक्षा खोलवर जातो. गणिताच्या विभागात एका प्रश्नास सरासरीने दोन मिनिटांहून थोडा अधिक अवधी मिळतो. ओळखीचा प्रश्न अर्ध्या मिनिटात सुटला की वाचलेले दीड मिनिट त्या प्रश्नापाशी राहत नाही. ते पुढच्या अनोळखी आणि कठीण प्रश्नाच्या खाती जमा होते, आणि तो प्रश्नही बरोबर येण्याची शक्यता वाढते. त्याच वेळी यंत्र त्या पहिल्या उत्तरावरून उमेदवाराच्या कुवतीचा अंदाज उंचावते. अशा प्रकारे २१ प्रश्नांत तीन-चार प्रश्न परिचयाचे असले तर त्यांचा लाभ त्या तीन-चारांपुरता मर्यादित न राहता संपूर्ण विभागावर पसरतो, आणि हे घडते ते उमेदवाराच्या प्रामाणिकपणाला यत्किंचितही बाधा न येता. परीक्षा-संस्था या बाबतीत किती दक्ष आहे याचा एक दाखला न्यायालयीन आहे : २००८ साली, प्रत्यक्ष वापरात असलेले प्रश्न पुरविणाऱ्या एका संकेतस्थळाच्या चालकाविरुद्ध अमेरिकेच्या न्यायालयाने संस्थेच्या बाजूने २३ लाख डॉलरहून अधिक रकमेचा हुकूमनामा दिला, आणि त्या संकेतस्थळाचा लाभ घेतलेल्या काही उमेदवारांचे गुणांकही रद्द झाले. सरावाच्या प्रश्नांना अर्थातच असे कोणतेही संरक्षण नाही. ते सर्वांनी पाहावेत म्हणूनच असतात.

खासगी संस्थांच्या सराव-परीक्षांची गोष्ट निराळी आहे. प्रत्यक्ष परीक्षेतील प्रश्न गुणांसाठी वापरण्यापूर्वी तो गुण न धरता खऱ्या उमेदवारांपुढे ठेवला जातो, आणि मिळालेल्या उत्तरांवरून त्याचे काठिण्य आणि समर्थ-असमर्थ यांच्यात भेद करण्याची त्याची शक्ती निश्चित केली जाते. एवढा बंदोबस्त खासगी संस्थेला परवडत नाही. तिचा प्रश्न उत्तम असू शकतो, शिकण्यासाठी तो कदाचित अधिकृत प्रश्नाहूनही उपयुक्त असेल, परंतु त्यावरून काढलेला गुणांक हा पुष्कळसा त्या संस्थेच्या स्वतःच्या सूत्राचा गुणांक असतो. काहींचे आकडे खऱ्यापेक्षा कमी येतात, काहींचे जास्त. अशा परीक्षांतून आकडा घेऊ नये, चुका घ्याव्यात.

परिस्थितीजन्य कारणांविषयी फार लिहिण्याची गरज नाही, कारण ती प्रत्येकाला ठाऊक असतात आणि तरीही त्यांची हयगय होते. घरी विभाग संपल्यावर चहासाठी उठलेला माणूस दहा मिनिटांनी परततो की पंचवीस, हे कोणी पाहत नाही. एखादा विभाग आज आणि दुसरा उद्या, कागद हवा तितका, टायमर मध्येच थांबवण्याची मुभा. परीक्षा-केंद्रावर मात्र ओळखपत्राची तपासणी, तळहाताच्या शिरांची नोंद, लिहिण्यासाठी मिळणारी लॅमिनेटची पाने आणि मार्कर, शेजारच्या खुर्चीवरील कळफलकाचा आवाज आणि एकच ऐच्छिक विश्रांती. या सर्वांत वेळेची बाब सर्वांत महत्त्वाची, कारण विभागाच्या शेवटी प्रश्न अनुत्तरित राहिले तर गुणांकावर त्याचा भुर्दंड बसतो, आणि सरावात टायमर थांबवलेल्या माणसाला आपली खरी गती कधी कळलेलीच नसते.

मनाविषयी आता. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी उंदरांवरील प्रयोगांतून असे दाखवले की उत्तेजना वाढत गेली की शिकणे एका मर्यादेपर्यंत सुधारते आणि पुढे बिघडते, आणि काम जितके कठीण तितकी ही मर्यादा लवकर येते. या विषयातील अलीकडचे अधिक उद्बोधक संशोधन सायन बायलॉक यांचे आहे. २००५ साली त्यांनी आणि थॉमस कार यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दडपणाखाली गणिते सोडवताना सर्वाधिक घसरण झाली ती ज्यांची कार्यकारी स्मरणशक्ती मोठी अशा लोकांची. कारण एरवी ज्या बहुपदरी रीतींच्या बळावर ते पुढे असतात, त्याच रीतींना लागणारी मनाची जागा चिंतेने व्यापली जाते. उत्तम तयारीचा उमेदवार परीक्षेत हताश होतो तेव्हा त्याला ‘तुझी तयारीच कच्ची होती’ असे सुनावणारे शिक्षक या निष्कर्षापासून काही शिकतील तर बरे.

तथापि चिंतेचा जो परिणाम मला अधिक बोधप्रद वाटतो तो वर्तनातून दिसणारा आहे. अनुकूली परीक्षेची कीर्ती ऐकलेला उमेदवार परीक्षा देता देताच स्वतःचा निकाल लावू पाहतो : सोपा प्रश्न आला की ‘मागचे चुकले’ अशी धास्ती, कठीण आला की ‘पहिले प्रश्न महत्त्वाचे’ या ऐकीव समजुतीपोटी त्यावर चार-चार मिनिटे खर्च. सरावात जो प्रश्न दोन मिनिटांनी सोडून द्यायला तो कचरत नसे, तो इथे सोडतही नाही आणि सोडवतही नाही, नुसता धरून ठेवतो. हा तोटा खरा आहे आणि तो परीक्षेच्या दिवशीच होतो. पण तो शांत चित्ताच्या उपदेशाने भरून निघत नाही. अमुक मिनिटाला अमुक प्रश्नावर असलेच पाहिजे, हा नियम सरावातच अंगवळणी पडला तर तो पुष्कळसा टळतो.

आपल्या देशातील कॅट परीक्षेला हे सर्व जसेच्या तसे लावता येत नाही, ही गोष्ट मराठी वाचकांसाठी मुद्दाम सांगितली पाहिजे. कॅट अनुकूली नाही. तिचा निकाल मुख्यतः पर्सेंटाइलमध्ये वाचला जातो, आणि पर्सेंटाइल म्हणजे आपल्याबरोबर बसलेल्या समुदायातील स्थान. शिकवणी-वर्गाच्या मॉकला बसणारा समुदाय बहुधा शुल्क भरून महिनोन्‌महिने अभ्यास करणाऱ्यांचा असतो, तर प्रत्यक्ष परीक्षेला बसणाऱ्या सुमारे ३ लाखांमध्ये नुसते नशीब अजमावणारेही पुष्कळ असतात. त्यामुळे मॉकमधील पर्सेंटाइल खऱ्यापेक्षा कमी दिसण्याचाच संभव बरेचदा असतो. कच्च्या गुणांचे मात्र तसे नाही. तीन गुण बरोबर उत्तरास आणि पर्यायी प्रश्नात एक गुण चुकीबद्दल वजा अशा हिशेबात, प्रश्नपत्रिका किंचित कठीण निघाली किंवा तर्क-विश्लेषणाच्या ४० मिनिटांत चुकीचा संच निवडला गेला, तर सरावातील गुण झपाट्याने कोसळतात. तीच घसरण इतरांचीही झालेली असली तर पर्सेंटाइल जागेवर राहते. परीक्षेच्या संध्याकाळी कच्च्या गुणांची मॉकशी तुलना करून घरभर शोककळा पसरवणाऱ्यांनी निकालापर्यंत तरी हा शोक तहकूब ठेवावा.

जीमॅटपुरते बोलायचे तर उमेदवाराने धरून ठेवण्याजोगा आकडा मिळवण्याची रीत अवघड नाही. किमान दोन अधिकृत सराव-परीक्षा पूर्णपणे अस्पर्श राखाव्यात, त्या परीक्षेच्या आधीच्या तीन आठवड्यांत, ज्या प्रहरी परीक्षा आहे त्याच प्रहरी, एका बैठकीत द्याव्यात, आणि दोहोंची सरासरी घेऊन तिच्या दोन्ही बाजूंना ४० गुणांची जागा मोकळी ठेवावी. दोहोंतील मोठा आकडा कोणालाही सांगू नये. विद्यालयांची निवड या पट्ट्याच्या खालच्या टोकाला धरून करावी आणि दुसऱ्या प्रयत्नासाठी लागणारे दिवस अर्जाच्या मुदतीआधी मोकळे राहतील अशी तारीख घ्यावी. सराव-परीक्षा पुरविणाऱ्यांकडे, शिकवणी-वर्गांकडे आणि स्वतः परीक्षा-संस्थेकडेही माझे एक मागणे आहे : सरावाच्या निकालपत्रावर ६५५ असा एकच ठसठशीत आकडा छापण्याऐवजी ६१५ ते ६९५ असा पट्टा छापावा, आणि परीक्षार्थीने त्यातील प्रश्न पूर्वी पाहिले असल्यास तो पट्टा लागू नाही हेही तिथेच, त्याच आकाराच्या अक्षरांत छापावे.